खांब मी काढला

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. दारात चपला काढायच्या, उंबऱ्याशी थांबून वर स्लॅबकडे बघायचं आणि मग भिंतीच्या कडेकडेनं, बोटाच्या पेरानं टकटक करत, खोलीला एक फेरी घालायची. यजमान बिचारा खुर्ची पुढं करून उभा.

"बसा हो मिस्त्री."

"बसतो की. आधी बघू द्या."

चहासुद्धा उभ्यानंच. कपबशी एका हातात, दुसरा हात भिंतीवर. माझी बायको म्हणायची, "हे आपल्याला भेटायला येतात की घराला?"

लातूरच्या ट्यूशन एरियात तुम्ही त्या काळी राहिला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. उंच, वाळकुडा माणूस, शर्टाच्या खिशात सुतळी गुंडाळलेला ओळंबा, आणि चालणं असं की मागे कोणी लागलंय. मुलं त्यांना चाचा म्हणत, आम्ही मिस्त्री. त्यांना स्वस्थ उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. रस्त्यात बोलतानाही त्यांचं अर्धं लक्ष समोरच्या बाल्कनीत असायचं आणि मधेच आपला दंड धरून ते आपल्याला दोन पावलं बाजूला ओढायचे. "हिकडं या सर, त्या सज्जाखाली नका थांबू."

भूकंपाआधी ते औसा-निलंग्याकडच्या खेड्यांत दगडामातीच्या जाड भिंती बांधायचे. भूकंप झाला त्या दिवशी दुपारपर्यंत ते तिकडं पोचले आणि पुढचे दिवस त्यांनी ढिगारे उपसण्यात घालवले. त्यातली काही घरं त्यांनीच बांधलेली होती. याबद्दल मी त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं. "माझ्या हातची भित्त होती सर, दगूड वळखला मी." त्यापुढं विचारायची माझी छाती झाली नाही.

नंतर पुनर्वसनाच्या कामावर ते नवं बांधकाम शिकले आणि शिकले ते असे की लोकांना नकोसे झाले. खांबाच्या सळयांना बांधायच्या लोखंडी रिंगा मालक म्हणेल त्यापेक्षा दुप्पट टाकायच्या, आणि मालक ओरडायला येईतोवर काँक्रीट ओतून झालेलं असायचं. मालक शिव्या द्यायचा आणि पुढचं कामही त्यांनाच द्यायचा.

पुढं ट्यूशनचं पेव फुटलं. रेणापूर, अहमदपूर, पार नांदेडपासून मुलं ट्रंक आणि गादी घेऊन येऊ लागली. ज्याच्याकडं पत्र्याची खोली होती त्यानं मजला चढवला, ज्याच्याकडं मजला होता त्यानं होस्टेल काढलं. मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. खाली तीनशे मुलांचा हॉल, वर दोन मजले मुलींचं होस्टेल. या हॉलच्या बरोबर मधे एक खांब होता.

या खांबाची तक्रार मी केली होती, हे आधीच सांगून टाकतो. स्टाफच्या बैठकीत मी म्हणालो, "खांबामागची चाळीस मुलं फळ्याऐवजी खांबच शिकतात." सगळे हसले. मला बरं वाटलं. आमचे डायरेक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माणूस वाईट नव्हता. रेणापूरकडच्या खेड्यातून एक फळा घेऊन आला होता आणि मुलांसाठी अठरा-अठरा तास राबत होता. खांबामागच्या मुलांचे मार्क कमी येतात, हे त्यांना खरंच खुपत होतं.

मे महिन्यात त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी खांबाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "ह्यो निघत न्हाई."

"वर आडवा गर्डर टाकू."

"निघत न्हाई सर. वर दोन मजले हायेत."

"तुम्ही नाही तर दुसरा काढेल. परवा येतोय म्हणतो."

मिस्त्री घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी खांब स्वतःच काढला. चार दिवस लावले, टेकूवर टेकू दिले, वर गर्डर टाकला. नंतर मला म्हणाले, "दुसऱ्यानं काढला असता तर त्याच दिशी खाली आलं असतं समदं. म्हणून मी काढला. चुकलंच." वाईटातलं कमी वाईट आपल्या हातून व्हावं, असा तो हिशेब होता. आपण सगळेच तो कधी ना कधी मांडतो. फरक एवढाच की आपल्याला नंतर झोप लागते.

त्यांची गेली. जूनमध्ये बॅच सुरू झाल्यापासून ते रोज येऊ लागले. मी शिकवत असताना मागच्या दारातून आत यायचे, भिंतीजवळून फिरायचे, मान वर करून गर्डर बघायचे. मुलं खुसखुसायची. एकदा तर हातगाडीवर लाकडी बल्ल्या घालून आणल्या आणि हॉलच्या मधोमध टेकू लावून टाकले. मुलांनी त्यांना दप्तरं अडकवली. संध्याकाळी पालक बघतील म्हणून डायरेक्टरांनी ते काढायला लावले.

मग मार्चअखेरच्या एका दुपारी ते स्टाफरूममध्ये आले. "सर, ती बायलॉजीची काच ऱ्हाती ना, पातळ पट्टी? चार द्या." मी प्रयोगशाळेतून आणून दिल्या. गर्डर भिंतीवर टेकतो तिथून एक तिरका तडा खाली आला होता. मिस्त्रींनी स्टुलावर चढून त्या तड्यावर आडवी काचपट्टी ठेवली आणि दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली. तडा जुना असेल तर काच तशीच राहते. भिंत हलत असेल तर तुटते. इतकं सोपं.

पहिली काच आठ दिवसांत तुटली. "पोरांचा हात लागला असंल," ते स्वतःच म्हणाले आणि दुसरी उंचावर लावली. ती सहाव्या दिवशी तुटली. तिसरी, जिथं हातच काय झाडूही पोचत नव्हता, ती चार दिवस टिकली. मी फिजिक्सचा माणूस. आठ, सहा, चार याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्या दिवशी फळ्यावर बलांचा समतोल शिकवला आणि भिंतीकडं पाहिलं नाही.

डायरेक्टर म्हणाले, "सीईटी चार आठवड्यांवर आली. आता तीनशे मुलं कुठं नेऊ? परीक्षा होऊ द्या, मग बघू."

त्या संध्याकाळी मिस्त्री माझ्या घरी आले. भिंतींना फेरी घातली नाही, आल्या आल्या म्हणाले, "अर्ज लिवून द्या सर. नगरपालिकेत देतो." त्यांना उर्दू लिहिता यायचं, मराठी अडखळत. मी कागद घेतला.

"नाव नका घालू," मी म्हणालो. "खाली 'एक जागरूक नागरिक' लिहू. पेपरात पत्रं येतात तसं."

"नागरिकानं काढला का खांब? मी काढला. तसंच लिवा. बिननावाच्या कागदाला कोन पुसतंय?"

"तुमच्यावर केस होईल मिस्त्री. लातुरात पुन्हा कुणी काम देणार नाही."

"व्हईल की." ते उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. "पोरी वर अभ्यास करून राहिल्यात सर, साठ-सत्तर. खाली तीनशे. मला बसवंना."

मी लिहिलं. पहिलंच वाक्य त्यांनी सांगितलं तसं. लिहून झालं तेव्हा मी घुटमळलो. माझं अक्षर डायरेक्टर ओळखत होते. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, तोच मिस्त्रींनी कागदाची घडी घातली. "कोर्टापाशी टाईप करून घेतो. ह्यो फाडून टाकतो लगेच. फिकीर करू नका." माझं भय माझ्याआधी त्यांना कळलं होतं. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता नगरपालिकेचे इंजिनिअर आले, दोन माणसं घेऊन. त्या वेळी टेस्ट चालू होती. इंजिनिअरांनी गर्डर बघितला, तुटकी काच बघितली आणि म्हणाले, "बाहेर काढा सगळ्यांना. आत्ता." तर लातूरची मुलं ती! पेपर घेऊनच बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठावर ओळीनं बसून उरलेले प्रश्न सोडवू लागली. वरून मुली गाद्या, बादल्या, पुस्तकं घेऊन उतरत होत्या. मिस्त्री मुलांच्या रांगेतून वेड्यासारखे फिरत होते. "अजून लांब सरका बाळांनो. त्या झाडापल्याड. अजून लांब."

दुपारपर्यंत गावोगावचे पालक येऊन थडकले. अर्ज मिस्त्रींचा, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. अहमदपूरच्या एका बापानं मिस्त्रींची गचांडी धरली. "ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीला रस्त्यावर आणलंस होय रे?" मिस्त्रींनी ती सोडवून घेतली नाही. समोरचा मेसवाला, झेरॉक्सवाला, सगळेच त्यांच्यावर खवळले, कारण आता इंजिनिअर शेजारच्या इमारतीतही शिरले होते.

तेवढ्यात इंजिनिअर माझ्याकडं वळले. डायरेक्टर माझ्या शेजारीच उभे होते. "सर, तुम्ही रोज इथं शिकवता. हा तडा वाढलेला दिसला का तुम्हाला?"

आठ, सहा, चार.

"माझं लक्ष फळ्याकडं असतं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. शर्टाची गुंडी तुटलेली, मान लाल झालेली. मग ते इंजिनिअरांना म्हणाले, "खरं हाय साहेब. सरांची पाठ असती तिकडं. त्येनला कसं दिसंल?"

इमारतीला सील लागलं. मुलं एका मंगल कार्यालयात बसली, परीक्षा झाली, निकालही बरे लागले. दोन महिन्यांनी जॅक लावून मधोमध नवा खांब उभा केला, तो दुसऱ्या मिस्त्रीनं. खांब काढल्याबद्दल केस झाली ती आमच्या मिस्त्रींवर. वर्षभर तारखांना ते खेपा घालत होते. गल्लीत त्यांना कुणी साधा ओटासुद्धा बांधायला दिला नाही. मी समोरून येताना दिसलो की ते स्वतःच गल्ली बदलायचे, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. शेवटी बायकोला घेऊन ते नांदेडकडं, अर्धापूरला लेकीकडं निघून गेले. जाताना भेटले नाहीत. इमारत आजही उभी आहे आणि लोक म्हणतात, बघा, काही झालं का? उगीच भुईकंप आला म्हणून ओरडत होता म्हातारा.

ते तिकडंच वारल्याची बातमी मला महिन्यानं कळली. मी अर्धापूरला गेलो. केळीच्या बागेला लागून दोन खोल्यांचं घर. मी नाव सांगितलं मात्र, त्यांची लेक लगबगीनं उठली आणि तिनं शेजारच्या बायकांना हाक मारली. "अगं या की, हेच ते लातूरचे सर!"

चार-पाच जणी दारात जमल्या. ती त्यांना सांगू लागली, "अब्बा लई सांगायचे ह्यांचं. म्हणायचे, काचा सरांनी दिल्या, कागद सरांनी लिवला, मी नुस्ता पोचवून आलो. सर न्हसते तर साडेतीनशे पोरं आतच ऱ्हायली असती."

मी म्हणालो, "नाही हो, तसं काही नव्हतं."

माझ्या तोंडून तेवढंच निघालं. पुढचं सांगायला मी शब्द जुळवत होतो, तोवर त्यातली एक म्हातारी पदर सावरत दुसरीला म्हणाली, "बघ, एवढं करून बी कसा बोलतोय मानूस. जरा बी गर्व न्हाई."

लेकीनं घडाची एक फणी कापून पिशवीत घातली. "अब्बांनी दिली असं समजा," म्हणाली. मी ती घेतली.