दाखल झाल्याची तारीख

संस्थेत त्यांना सगळे रकानेबाई म्हणत. पाठीमागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षं एकाच खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसलेली बाई. काचेखाली सुट्ट्यांची यादी, शेजारी औषधाच्या बाटलीत पेन्सिली. न्याय, आरोग्य आणि समाजकल्याण ही राज्याची तीन खाती. त्यांना काही जाणून घ्यायचं असलं की प्रश्न या संस्थेकडे येई. संशोधक हिंडून माहिती आणत, संचालक प्रस्तावना लिहीत, पण आकडे तक्त्यात बसवायचे ते रकानेबाईंनीच. त्यांचा हात फिरला की आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहतात, असं संचालक पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई विधवा, बाई बिनलग्नाच्या. संध्याकाळी ताई विचारायच्या, "आज किती माणसं मोजलीस?" बाई आकडा सांगायच्या आणि चपला काढायच्या. दोघींचा हा जुना विनोद होता. खरं तर बाईंना माणसं फारशी भेटतच नसत, भेटत ते त्यांचे कागद.

त्या वर्षी न्याय खात्यानं एक प्रश्न पाठवला. एखाद्या आरोपीचं डोकं ठिकाणावर नाही असं कोर्टाला वाटलं, तर कोर्ट हुकूम काढतं, की याला तुरुंगातून मनोरुग्णालयात हलवा, आधी उपचार करा, खटल्याचं मग बघू. पण रुग्णालयात खाट रिकामी नसेल तर तो माणूस तुरुंगातच राहतो. असं किती दिवस राहावं लागतं, एवढंच खात्याला हवं होतं. रुग्णालयात बायकांसाठी चाळीस खाटांचा नवा वॉर्ड बांधायचा प्रस्ताव टेबलावर होता. गरज किती, ते या उत्तरावर ठरणार होतं.

तुरुंगांतून आणि रुग्णालयातून मिळून चारशे बारा हुकमांची माहिती आली. बाईंनी त्यातली प्रत्येक तारीख डोळ्यांत तेल घालून तपासली. हुकमाची तारीख एका रकान्यात, दाखल झाल्याची तारीख दुसऱ्यात, संगणकानं केलेली वजाबाकी तिसऱ्यात. सरासरी आली तेवीस दिवस. "रुग्णालयात दाखल झालेल्या आरोपींचा सरासरी प्रतीक्षाकाळ" असं शीर्षक त्यांनी आधी लिहिलं होतं. ते एका ओळीत मावेना. दोन ओळींची शीर्षकं त्यांना बघवत नसत, म्हणून त्यांनी पहिले तीन शब्द उडवले. "आरोपींचा सरासरी प्रतीक्षाकाळ". झालं एका ओळीत.

अहवाल छापून आला. तेवीस दिवस म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही, असं खात्यानं सभागृहात सांगितलं. वॉर्डाचा प्रस्ताव बारगळला. संचालकांची पाठ थोपटली गेली आणि बाईंना कौतुकाचं एक पत्र आलं. ताईंनी ते कपाटात साड्यांखाली जपून ठेवलं.

पुढच्या वर्षी अभ्यासाचा दुसरा भाग निघाला. त्याच चारशे बारांतली काही नावं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं. घरोघर जाणारी संशोधक बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि उरलेल्या सहा घरांचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. त्यांच्या जिवावर आलं होतं. कुणाच्या दारात उभं राहून काय विचारायचं, याची त्यांना सवय नव्हती. पण प्रश्नावली त्यांनीच बनवलेली, तेव्हा वाचून दाखवायला काय हरकत, असं म्हणून त्या निघाल्या.

तिसरं घर होतं एका निवृत्त लिफ्टमनचं. एका मोठ्या कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं लिफ्ट चालवली होती. राहायला मात्र चौथा मजला, आणि इमारतीला लिफ्ट नाही. बाई धापा टाकत वर पोचल्या तसे ते म्हणाले, "जन्मभर लोकांना वर नेलं, आता मला कोण नेणार?" आणि स्वतःच हसले. दोन खोल्या, लख्ख झाडलेल्या. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर चादर घातलेली.

ते मशीन मुलीचं होतं. चौतीस वर्षांची, कापडाच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवायची. आई लवकर गेली, बापलेक एकमेकांना धरून राहिले. दोनेक वर्षांपूर्वी मुलीला आवाज ऐकू यायला लागले. कुणीतरी भिंतीपलीकडून तिचं नाव घेऊन चुका मोजतंय, असं ती म्हणायची. एक दिवस औषधाच्या दुकानात गोळ्या नाहीत म्हणाले, तर तिनं काच फोडली आणि दुकानदाराचा हात कापला. पोलिसांनी नेलं. तिसऱ्या आठवड्यात कोर्टानं हुकूम काढला, रुग्णालयात हलवा म्हणून. लिफ्टमनना तेव्हा वाटलं, सुटलो.

हे सगळं ते न अडखळता सांगत होते, कारण त्यांच्याकडे एक वही होती. लिफ्टवर असताना बिघाडाची नोंद ठेवायची सवय, तशीच ही. कुठल्या तारखेला भेट झाली, तिनं किती खाल्लं, कुणी काय उत्तर दिलं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं.

बाई एकेक प्रश्न विचारत चौदाव्यावर आल्या. "रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख?"

"दाखल झालीच नाही ती," लिफ्टमन म्हणाले. "एकशे एक्केचाळीस दिवस वाट बघितली. मग खाणं सोडलं, मग पाणी. शेवटी छातीत कफ झाला. तुरुंगातच गेली."

बाईंनी मान खाली घालून त्या जागी एक आडवी रेघ मारली. रेघेखाली त्यांच्याच हातची सूचना छापलेली होती. तारीख नसल्यास थेट एकतिसाव्या प्रश्नाकडे वळावे. मधले सोळा प्रश्न वाट पाहण्याबद्दलचे होते. दिवस कसे गेले, तब्येत कशी होती, कुणी लक्ष दिलं का. दाखलच झाली नाही म्हणजे हे प्रश्न विचारायचेच नाहीत. बाईंनी पानं उलटली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. ज्यांना तारीख नाही त्यांना ओलांडून पुढे जायचं, हे त्यांनी फक्त या कागदावरच केलेलं नव्हतं.

लिफ्टमनना वाटलं, बाईंना चक्कर आली. त्यांनी पाणी दिलं. बाई पाणी प्यायल्या, आभार मानले आणि एकतिसावा प्रश्न न विचारताच जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मूळ यादी उघडली. चारशे बारा हुकूम. दाखल झाल्याची तारीख होती फक्त एकशे सत्त्याऐंशी जणांना. उरलेल्या दोनशे पंचवीस ओळींत तो रकाना रिकामा होता. रिकाम्या रकान्याची वजाबाकी होत नाही, म्हणून संगणकानं त्या ओळी गुपचूप वगळल्या होत्या. अकरा जण वाट बघतच मेले होते. शहात्तर जण उपचाराविनाच सुटले होते, कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकशे अडतीस जण यादी बंद झाली त्या दिवशीही तुरुंगातच होते, काही तर वर्षाहून जास्त. त्यात बायका भरपूर. लिफ्टमनची मुलगी याच एकशे अडतीस जणांत, दोनशे सातव्या ओळीत होती. तेवीस दिवस ही सरासरी फक्त पोचलेल्यांची होती. निम्म्याहून अधिक माणसं पोचलीच नव्हती.

त्या संचालकांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. संचालक वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आलेले, मधुमेहानं दमलेले. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, तक्ता चूक नाही, नीट वाचणाऱ्याला कळेल. बाई म्हणाल्या, नाही कळणार, शीर्षकातले ते शब्द मीच काढले. का काढले, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाईंना ओळीबद्दल सांगताना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, अहवाल सभागृहात गेलाय," संचालक म्हणाले. "निर्णय झालाय. आता आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं?"

"मीच फासते," बाई म्हणाल्या. "माझ्या नावानं लिहा."

लिहायला आठ महिने लागले. मसुदा वर जायचा, एखादा शब्द मऊ होऊन खाली यायचा. "चूक" होती तिथे "मर्यादा" आली. शेवटी एका पानाचं शुद्धिपत्र छापलं गेलं आणि कोठारात उरलेल्या चाळीस प्रतींत सुटं सरकवलं गेलं. खात्याकडून दोन शब्दांचं उत्तर आलं, नोंद घेतली. वॉर्डासाठी राखलेल्या जागेवर तोवर गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या.

ताई म्हणाल्या, तू तुझ्या परीनं केलंस, आता सोड. बाईंना सोडता येईना. ते शुद्धिपत्र आणि अहवालाची प्रत पिशवीत घालून त्या एका दुपारी पुन्हा चार जिने चढल्या.

लिफ्टमननी चहा ठेवला. बाईंनी अहवालातलं तक्त्याचं पान उघडून समोर धरलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तक्ता कुणी केला, शब्द कुणी उडवले, त्यावरून काय ठरलं. लिफ्टमननी तक्त्यावरून बोट फिरवत सावकाश वाचलं.

"म्हणजे माझी मुलगी यात नाही?"

"नाही."

"तुम्ही काढलं तिला?"

"तिची जागा रिकामी होती, म्हणून ती आपोआप गळली. मी बघायला हवं होतं. नाही बघितलं."

त्यांनी विचारलं, हे छापून कधी आलं. बाईंनी तारीख सांगितली. त्यांनी उठून वही आणली, पान शोधलं आणि बोट ठेवलं.

"एकशे तिसरा दिवस. त्या दिवशी तिनं अर्धी वाटी भात खाल्ला होता." त्यांनी वही मिटली. "तेव्हा ती जिवंत होती."

बाईंना म्हणायचं होतं, की वॉर्ड मंजूर झाला असता तरी बांधायला दोन वर्षं लागली असती, तिला काही तो मिळाला नसता. हे खरंही होतं. पण तोंडातून शब्द फुटेना, आणि नाही फुटला तेच बरं झालं, असं त्यांना पुढे कायम वाटत राहिलं.

"तुम्ही आलात, सांगितलंत," लिफ्टमन म्हणाले. "दुसरं कुणी आलं नाही. पण आता जा तुम्ही. परत येऊ नका."

चहा तसाच राहिला. बाई उतरल्या. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. एक शेजारीण वर जाताना विचारून गेली, बरं वाटत नाही का. त्यांनी मानेनंच बरं आहे म्हटलं.

त्यानंतर बाईंनी दोन वर्षं नोकरी केली. नवा अहवाल त्यांनी नव्यानं मांडला. पोचलेले वेगळे, न पोचलेले वेगळे, मेलेले वेगळे. शीर्षक तीन ओळींचं झालं. न्याय खात्यातला एक तरुण अधिकारी म्हणाला, हे फार गुंतागुंतीचं आहे, एकच आकडा देता येईल का. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. त्यानं मग जुनाच तेवीसचा आकडा घेतला. अहवाल रद्द झालेला नव्हता आणि शुद्धिपत्र त्याच्या प्रतीत नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी चार माणसं चार बरे शब्द बोलली. बाईंनी पेन्सिली शेजारच्या मुलीला दिल्या आणि घरी आल्या.

महिनाभर त्या नुसत्या बसून होत्या. मग त्यांनी बायकांच्या तुरुंगात भेटीला जाणाऱ्या नागरिकांच्या यादीत नाव घालायला अर्ज केला. पहिल्यांदा नाकारला गेला, दुसऱ्यांदा मंजूर झाला. दर मंगळवारी त्या जायला लागल्या. खाटेची वाट बघणाऱ्या बायका एका लांब खोलीत असत. बाईंना गोड बोलता येत नसे. त्या शेजारी बसत, हुकमाची तारीख विचारत, आणि घरी येऊन कोर्टाला, रुग्णालयाला, खात्याला अर्ज लिहीत. ताई कुरकुरत, जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही म्हणत, आणि पाकिटं चिकटवून देत. पहिल्या वर्षी एकोणीस बायकांचे अर्ज गेले. चौघींना खाट मिळाली. एक वारली. एकीच्या घरचे पत्ता न देता निघून गेले.

एकदा त्या सांगितलेलं मोडून लिफ्टमनच्या घरी गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, पाय चालेनात म्हणून भाचा घेऊन गेला, कुठे ते माहीत नाही. शिलाई मशीन जाताना इथल्याच एकीला देऊन गेले. बाईंनी विचारलं, कुणाला. शेजारीण म्हणाली, मलाच की, आणि आत मशीनवर काम पडलंय म्हणून दार लोटून घेतलं.

त्या दिवशी मंगळवार होता. बाई तशाच पुढे तुरुंगाकडे गेल्या. फाटकावर नवी पहारेकरीण होती. तिनं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं, मग वही पुढे सरकवली. बाईंनी नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि आत गेल्या.