नेलीच्या पर्समधली कवळी

"दात नेलीकडे दिलेत, आता बाकीचं काय मोडायचं ते मोडा," असं म्हणतच इनॉक गारबट दर शनिवारी रग्बीच्या मैदानात उतरायचा. कवळी बायकोच्या पर्समध्ये असायची आणि कोळशाच्या खाणीत घडलेले खांदे पहिल्या फळीत. या वेळी मात्र नेलीने बजावलं होतं, "आणखी एक हाड मोडलं की खेळ बंद." त्याने कबूल केलं होतं.

दोन्ही संघांच्या पहिल्या फळ्यांची डोकी भिडली तेव्हा समोरच्या संघातला क्लेग हसला. "काय आजोबा, आज चावणार कशाने?"

इनॉकने कपाळ हाणून त्याचं नाक फोडलं. पुढच्याच धडकेत क्लेगचं कोपर इनॉकच्या जबड्यावर बसलं आणि आत कडकन वाजलं. त्या काळी बदली खेळाडू नसायचा; तो बाहेर गेला असता तर तेरातले बाराच गडी उरले असते. तो रक्त गिळत शेवटपर्यंत धडका देत राहिला.

खेळ संपल्यावर नेलीने नेहमीसारखी कवळी पुढे केली. ती घातल्याशिवाय तो कुणाशी हात मिळवत नसे. त्याने दोनदा घालून पाहिली. बसेना.

नेलीने त्याच्या सुजलेल्या जबड्याकडे पाहिलं, कवळी रुमालात गुंडाळली आणि पर्स मिटली.

इनॉकने तोंड मिटूनच क्लेगशी हात मिळवला आणि चिखल तुडवत निघून गेला. नाक दाबून उभा असलेला क्लेग तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.