तळहाताला कळणारा ठोका

दोन हजार सहा सालच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी शांतादेवींना कळलं, की आपला नवरा मठात जातो म्हणून सांगतो आणि व्हिडिओ गेमच्या दुकानात जाऊन बसतो.

अण्णाप्पा महाद्वार रोडवरच्या एका दुकानात कापड मोजायच्या कामाला होते. दुकान दुपारी दोन ते चार बंद असायचं. तेवढा वेळ मठात टेकतो, असं ते वर्षभर घरी सांगत होते, आणि शांतादेवींना त्याचं केवढं समाधान! रोज लिंगपूजा आटोपली की त्या शिवाला एकच मागायच्या, ह्या माणसाच्या मनाला थारा दे. त्या सोमवारी त्या प्रसादाचा डबा घेऊन मठात गेल्या, तर तिथले पुजारी अय्या म्हणाले, "अण्णाप्पा बरे आहेत ना? दिवाळीपासून दिसले नाहीत."

डबा तसाच धरून त्या कापडदुकानापाशी आल्या. शटर खाली. शेजारच्या तळघराच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडला होता आणि त्यात, अंगठा दोनदा शिवलेली, नवऱ्याची चप्पल होती.

आत चार टीव्ही, त्यांच्यापुढं कॉलेजची पोरं, आणि दुसऱ्या टीव्हीपुढं प्लास्टिकच्या स्टुलावर, पाठ ताठ, कपाळाला विभूती, हातात रिमोट धरून अण्णाप्पा!

"अय्यो शिवने! ह्योच काय तुमचा मठ?"

अण्णाप्पांना ऐकू गेलं नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान तेवढे राहत नाहीत. दुकानाचा मालक बाळासो तेवढा धावत आला.

"मावशी, जरा थांबा. आत्ता हाक मारू नका. काका पुलावर हाईत."

"कुठल्या पुलावर?"

बाळासोनं पडद्याकडं बोट केलं. दरीवर एक दोरांचा पूल. त्यावर एकटा वीर उभा, हातात धारेचं लोखंडी कडं. दोन्हीकडून शिपाई चालून येत होते. वीर कडं भिरकावायचा, ते समोरच्यांना कापत जायचं आणि वळून परत यायचं. परत येऊन हाताला भिडेल त्या क्षणाला बटण दाबलं, तर झेल. मग पुढची फेक दुप्पट जोराची. क्षणभर आधी दाबलं तर मूठ मोकळीच मिटायची, उशीर झाला तर कडं दरीत, आणि शिपाई अंगावर.

"ही पोरं सात-आठ झेलतात आन् मरतात," बाळासो म्हणाला. "अकराच्या वर कुनी गेलं न्हवतं. काकांनी काल सलग एकेचाळीस झेलले. काय सांगू मावशी, अर्धे डोळे मिटून!"

शांतादेवींनी बघितलं. डोळे खरोखरच अर्धे मिटलेले होते, पूजेला बसल्यावर असतात तसे. लग्नानंतर कबनूरला असताना त्या भाकरी घेऊन कारखान्यात जायच्या, तेव्हा मागापुढं उभ्या असलेल्या ह्या माणसाचा चेहरा असाच असायचा. अकरा वर्षांत तो चेहरा त्यांना दिसला नव्हता. त्यांनी प्रसादाचा डबा बाळासोच्या हातात दिला आणि त्या घरी गेल्या.

अण्णाप्पा कबनूरला चार माग एकटे सांभाळायचे. मागातला धोटा सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडं पळतो, कडेच्या पेटीत शिरतो, परत येतो. कारखान्यात एवढा दणका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण अण्णाप्पा मागाच्या चौकटीवर नुसता हात ठेवायचे आणि धोटा पेटीत नीट बसला की नाही, हे तळव्याला येणाऱ्या ठोक्यावरून सांगायचे. शेजारच्या मागांवर केरबा होता, भावासारखा दोस्त. पंच्याण्णव साली एका दुपारी अण्णाप्पांच्या मागावरचा धोटा उडाला आणि केरबाच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला. त्याच आठवड्यात अण्णाप्पांनी बिऱ्हाड उचलून कोल्हापूर गाठलं.

केरबा त्यानंतर दोनदा कोल्हापूरला घरी येऊन गेला. दोन्ही वेळा तो पुढच्या दारात, तर अण्णाप्पा मागच्या दारानं बाहेर. शांतादेवींनी चहा करून द्यायचा आणि खोटं बोलायचं, "कामावर गेल्यात."

गेमचं वेड लागलं ते असंच, कापडदुकान उघडायची वाट बघताना. तळघराचा पडदा वाऱ्यानं बाजूला झाला आणि आत काहीतरी जातंय आणि परत येतंय, एवढंच त्यांना दिसलं. पाय आपोआप खाली उतरले. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी हसून घेतलं. फेक करताना काका सगळं अंग उजवीकडं टाकायचे. "काका, रिमोट हाय त्यो, माग न्हवं!" शिपायाशी लढायचं सोडून त्यांनी आठवडाभर पहिल्याच खोलीत भिंतीवर कडं मारलं आणि झेललं. एका पोरानं विचारलंच, "काका, भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

पण भिंतीपुढंच त्यांना सापडलं. कडं वळून हाताशी येताना रिमोट तळव्यात बारीक थरथरतो, आणि थरथर तुटते तो क्षण झेलायचा. पोरं पडदा बघून खेळायची, आवाज ऐकून खेळायची. ही थरथर त्यांना नुसती गंमत वाटायची. अण्णाप्पांना ती जुन्या ओळखीची होती.

आणखी एक खोड होती. खेळायच्या आधी ते रिमोटची वायर बोटांतून पूर्ण ओढून तपासायचे. जरा घासलेली दिसली की हातात धरायचे नाहीत.

"चालतीय की, काका," बाळासो म्हणायचा.

"चालतीय म्हनूनच घात हुतोय," अण्णाप्पा म्हणायचे, आणि बाळासोला मुकाट्यानं वायर बदलावी लागायची.

कार्तिक संपता संपता केरबा तिसऱ्यांदा दारात आला. पोरीचं लग्न ठरलं होतं, हातात पत्रिका होती.

"वयनी, ह्या खेपंला त्येच्या हातात दिल्याबिगर मी हलनार न्हाय. कुठं हाय त्यो?"

शांतादेवींनी देवघराकडं एकदा बघितलं आणि पदर खोचला. "मठात हाईत. चला, दावते."

मठ म्हणून त्यांनी केरबाला थेट तळघरात नेलं. अण्णाप्पा पुलावर होते. केरबा गुपचूप मागं जाऊन उभा राहिला आणि बघत राहिला. बावीस, तेवीस, चोवीस. तेवढ्यात खेळातल्या दरीवर ढग आले, पडदा क्षणभर काळा झाला, आणि काचेत अण्णाप्पांना आपल्या खांद्यामागं एका डोळ्याचा चेहरा दिसला. कडं परत आलं. हात हलला नाही. कडं दरीत गेलं.

अण्णाप्पा उठले. दार एकच होतं आणि दारात शांतादेवी उभ्या होत्या.

"मागचं दार न्हाय व्हय रं हितं?" केरबा म्हणाला.

पोरांचे टीव्ही चालू होते, पण पोरं वळून बघायला लागली. अण्णाप्पा परत स्टुलावर बसले. म्हणाले, "धोट्याला धक्का द्यायचं चामडं झिजलं हुतं, केरबा. धोटा सकाळपास्नं फडफडत हुता. मला कळत हुतं. म्हनलो, एवढा तागा उतरू दे, मग बदलू."

"मला काय दिसत न्हवतं व्हय? तवा दोन डोळं हुतं मला." केरबानं शेजारचं स्टूल ओढलं. "डोळ्याचं मी कवाच सोडलंय. तू दार चुकवून पळालास, ते न्हाय सोडलं. डोळा गेला तर गेला, तू कशाला गेलतास?"

केरबानं पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पडद्याकडं हनुवटी उडवली.

"ह्ये काय फिरवालायस? आन हिकडं."

अण्णाप्पांनी आधी वायर बोटांतून ओढून बघितली, मग रिमोट दिला. केरबाला काही जमेना. एका डोळ्याला कडं किती लांब आहे ते कळत नाही. दोनदा मेला, दोनदा शिवी हासडली.

"बघू नको," अण्णाप्पा त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले. "डोळा झाक. मागावर हात ठेवल्यागत धर. ठोका थांबला, की दाब."

केरबानं चांगला डोळा मिटला. कडं गेलं, वळलं, आलं. झेल!

"धोटा बसला की रं पेटीत!" केरबा ओरडला, आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

चार वाजून गेले होते. वर कापडदुकानाचं शटर उघडल्याचा आवाज झाला. इतक्या वर्षांत अण्णाप्पांना पहिल्यांदाच उशीर होत होता.

"मग?" केरबानं विचारलं. "लग्नाला येनार काय?"

अण्णाप्पांनी पत्रिका उचलून कपाळाला लावली. "येतो की. कबनूरला, म्होरच्या दारानं."

तेव्हा कुठं शांतादेवी दारातून बाजूला झाल्या.