रिकाम्या टाकीतले मासे

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ज्या आठवड्यात झालं, त्याच आठवड्यात मी आमच्या मंचेरियलच्या क्वार्टरमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. दोन्ही कामं एकदम काढू नका, असं बायको सांगत होती. मी ऐकलं नाही.

तेव्हा मी तिथल्या कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होतो. एका ट्रेनिंगसाठी विशाखापट्टणमला गेलो होतो, तिथल्या हॉटेलात भिंतीएवढी काचेची टाकी पाहिली. आत जांभळट खडक, त्याच्या फटींतून ये-जा करणारे नारिंगी मासे. मी जेवण सोडून तिथंच उभा राहिलो होतो. परत आल्यावर आईला समुद्राचं सांगितलं. ती वांकिडीकडच्या आमच्या गावी थोरल्या भावाजवळ राहायची. सारा जन्म कपाशी वेचण्यात गेलेला. तिनं विचारलं, "पलीकडचा काठ दिसते का रे?"

"नाई दिसत, माय."

"मंग लोकं कायच्याकडं पायतात?"

पुढं तिचे डोळे फारच अधू झाले. डाळीतले खडे ती बोटांनी चाचपून काढायची. एकदा चुलीवरच्या गंजातलं उकळतं पाणी तांब्यात ओतताना हातावर घेतलं, तेव्हा भावानं तिला बळंच बसमध्ये बसवून ऑपरेशनसाठी माझ्याकडे पाठवलं. ती हिरमुसली होती. मी म्हटलं, "पट्टी निघाली की तुले घरातच समुद्र दाखवतो." ती हसली, आणि मला तेवढंच पुरे झालं.

टाकी हैदराबादहून आणली. चार फुटांची. समुद्री मीठ, पांढरी वाळू, पंप, सगळं तिथल्याच दुकानातून. खरं प्रवाळ आणायला कायद्यानं बंदी, म्हणून दुकानदारानं बनवलेले सच्छिद्र दगड दिले. त्यांच्यावर हळूहळू रंग चढतो म्हणाला. मासे मात्र दिले नाहीत. "पहले पानी बनने दो साब," तो म्हणाला. पाणी बनतं म्हणजे माशांची घाण पचवणारे जंतू त्यात वाढतात, हे मला तेव्हा नीट समजलं नव्हतं.

दवाखान्यात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टर तेलुगू माणूस, पण आईशी हिंदीत बोलला. "अम्मा, पहले धुंधला दिखेगा. रोज थोडा थोडा साफ होगा." काळा चष्मा लावून, डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायला सांगून त्यानं तिला घरी सोडलं. उजेड लागू नये म्हणून बायकोनं पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. आईची खुर्ची टाकीसमोरच होती. त्या अंधाऱ्या खोलीत उजेड काय तो टाकीतल्या दिव्याचा.

टाकी मात्र माझं ऐकत नव्हती. वाळू मी घाईनं एकदाच धुतली होती. पाणी भरताच तिचा धुरळा उठला आणि ताकासारखा रंग झाला. दोन दिवसांत तो थोडा बसला. मला धीर नव्हता. पाण्याचा कस वाढवायची एक पावडर दुकानदारानं दिली होती, ती मी चमच्याऐवजी मुठीनं टाकली. बघता बघता आत पीठ चाळल्यासारखा पांढरा भुगा पडू लागला, मागचे दगड दिसेनासे झाले. मी अर्धं पाणी उपसलं. वीस लिटरच्या कॅनमधलं गोडं पाणी, त्यात पुन्हा मीठ, पुन्हा ढवळणं. पंपाचा झोत वाळूवर आला आणि खालचं सगळं परत वर. ड्युटीवरून आलो की बाह्या वर करून मी कोपरापर्यंत आत हात घालायचो.

आई बाजूला बसलेली असायची. घरी असलो की मी थेंब टाकायचो आणि विचारायचो, "दिसते का, माय?"

"दिसते ना."

"टाकी कशी वाटते?"

"झकास हाय."

माझं पाणी बिघडलंय हे तिला दिसत असणारच, माझं मन राखायला बोलत असेल, असं मी धरून चाललो. आपण होऊन मी तिला काही सांगितलं नाही. घरात समुद्र दाखवतो म्हणालो होतो आणि समोर कालवलेल्या चुन्यासारखं काहीतरी होतं. लाज वाटत होती.

घरी आणल्यानंतरचा पाचवा दिवस, रविवार होता. पाणी त्या दिवशी सगळ्यांत वाईट होतं. मी टाकीत हात घालून पंपाचं तोंड वळवत होतो, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "मासोया लय सुंदर हायेत, बापा."

मी थांबलो. "काय म्हणाली?"

"मासोया. दोन मोठ्या, एक लहान. लालभडक हायेत. कशा भिरभिर फिरून राह्यल्या!"

टाकीत एकही मासा नव्हता.

ती गंमत करतेय असं मला आधी वाटलं. मी तिच्याकडे वळलो. काळ्या चष्म्याखाली तिचं तोंड हसरं होतं, पण पदराचं टोक तिनं बोटाभोवती घट्ट गुंडाळलं होतं. माझ्या हातातून पाणी फरशीवर ठिबकत होतं. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"माय, टाकीत अजून मासे सोडलेच नाईत."

तिचं हसू गेलं.

"तुले खरंच काय दिसते?"

तिनं बोटाभोवतीचा पदर सोडला. मग ती हळू म्हणाली, "पांढरं. नुसतं पांढरं. पह्यल्या दिवशी जरा तरी दगडासारखं दिसत होतं. मंग रोज जास्तच पांढरं होत गेलं. डॉक्टर म्हने साफ होईन, अन् माहा डोया उलटाच चालला." तिनं चष्म्याची काडी चाचपली. "तू ड्युटी करून इतका राबून राह्यला. सूनबाई रोज थेंब टाकते, भात भरवते. डोया गेला हे कोन्या तोंडानं सांगू तुमाले?"

पाच दिवस ती त्या खुर्चीत बसून आपण आंधळी होत चाललोय असं समजत होती. तिच्यापुढं मोजमाप एकच होतं, ते माझी टाकी. डावा डोळा तर आधीच जाळीनं भरलेला. काळा चष्मा, पडदे ओढलेले, आणि समोर रोज अधिक पांढरी होत जाणारी उजेडाची चौकट. तिनं दुसरं काय समजावं? आणि मी थेंब टाकताना दर वेळी लाडानं विचारत होतो, दिसते का, दिसते का.

बायको स्वयंपाकघरातून आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं दोन काचेचे पेले आणले, एकात माठातलं पाणी, दुसरा टाकीत बुडवून भरला. मग पडदा वीतभर सरकवला आणि आईसमोर दोन्ही पेले धरले.

"आत्याबाई, सांगा बरं, कोन्ता कसा दिसते?"

आईनं मान पुढं केली. "हा मठ्ठ्यावानी," ती म्हणाली. मग दुसऱ्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. "अन् ह्याच्यातून तर तुह्या बांगड्या दिसून राह्यल्या. हिरव्या हायेत."

"हिरव्याच आहेत."

"मंग... पानीच खराब हाय?"

"हो माय," मी म्हटलं. "पानीच. मी बिघडवलं."

ती आधी रडली. रडू नका, डोळ्याला चालणार नाही, म्हणून बायकोनं तिला पोटाशी धरलं. आणि रडणं थांबल्यावर आईला जो राग आला, तसा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. "मेल्या, काऊन नाई सांगतलं मले? पानी गढूळ हाय, एवढे तीन शब्द बोलाले जीभ झडली होती का तुही?"

"तू काऊन नाई सांगतलं?"

"मी सांगू? डोया माहा, अन् मी सांगू?" ती म्हणाली. या बोलण्यात काही अर्थ नव्हता हे तिलाही कळलं असावं, कारण तिचं तिलाच हसू आलं.

सोमवारी रजा टाकून तिला डॉक्टरकडे नेलं. डोळा छान भरत होता. घरी येताना एसटीडी बूथवरून मी दुकानदाराला फोन लावला आणि काय काय केलं ते सगळं कबूल केलं. तो ऐकत राहिला. "साब, अब हाथ मत लगाओ," तो म्हणाला. "पावडर नै, पानी बदलना नै, कुछ नै. पंप चलने दो. पंद्रा दिन."

हे मी आईला सांगितलं, आणि ती माझी पहारेकरी झाली. तिनं एकदाच तुरटी फिरवायचं सुचवलं. विहिरीच्या पाण्याला चालते, पण यात पुढं जीव राहायचे आहेत असं मी म्हटल्यावर तिनं तो विषय सोडला. मात्र मी बाही वर करताना दिसलो की खुर्चीतून आवाज यायचा, "हात मांगं घे!" मी ड्युटीवरून आलो की दिवसभराचा हाल ती सांगायची. आज वाळू बसली. आज मधेच धुक्यासारखं पुन्हा आलं. त्या धुक्यानं मी घाबरलो. पण दुकानदारानं ते येणार आणि आपोआप जाणार हेही सांगून ठेवलं होतं, म्हणून गप्प बसलो.

बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. आईनं हाक मारली, "लवकर ये! पाल हाय!"

मी धावत गेलो. "कुठं?"

"थे पाय. तुह्या समुद्राच्या मांगं, भितीवर."

टाकीच्या पाठीमागच्या भिंतीवर खरंच पाल होती. टाकीभर पाण्यातून, दगडांच्या फटीतून, आईला तिची शेपटी दिसली होती. पालीची बोटंसुद्धा मोजता आली असती. आम्ही दोघं पाल निघून जाईपर्यंत पाहत राहिलो.

मासे मी आणखी महिन्याभरानं आणले, दोन, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. आईला नवा चष्मा तोवर मिळाला होता. ती नुसती पाहत राहिली. मी ऐकायला थांबलो होतो, पण ती मासे सुंदर आहेत असं म्हणाली नाही. "एकाच्या शेपटाले खोच पडली हाय," एवढंच म्हणाली. मी वाकून पाहिलं, तर होती.

पुढच्या थंडीत डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या खेपेला पट्टी काढल्यावर डॉक्टरनं विचारलं, "अम्मा, कैसा है?" मी बाजूलाच उभा होतो. आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अच्छा नै है," ती ठणकावून म्हणाली. "पैले वाले से खराब है. अच्छे से देखो."

डॉक्टरनं पुन्हा तपासलं. आत थोडी सूज होती. त्यानं थेंब बदलून तिथंच डोळ्यात टाकले, पुढं महिनाभर टाकायला सांगितले. वाटेत रिक्षात ती मला म्हणाली, "हे थेंब जळजळतात रे." मी म्हटलं, जळजळले की लगेच सांगत जा. "सांगून तं राह्यली," ती म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत कुठं कुठं काय दुखतं, गुडघा, कंबर, डाव्या हाताचं बोट, एकेक सांगत राहिली.