काचेचा डबा आणि भुलाबाईचा खाऊ

मागच्या मंगळवारची गोष्ट. सकाळी अकरा वाजता अमरावतीत, आमच्या जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसले होते. स्क्रीनवर सहा कार्टून बायका एका काचेच्या डब्याकडे बघून विचारात पडल्या होत्या... की आत काय असेल बरं.

आत बेसनाचे लाडू होते. स्वच्छ दिसत होते. वरचे बेदाणेसुद्धा.

आधी थोडं सांगते. पुण्यातला एक छोटा स्टुडिओ अमरावतीतल्या एका कुटुंबावर ॲनिमेटेड सिटकॉम करतोय. त्यात मी रेफरन्स बघते, म्हणजे घरात काय शिजतं, कोण कुणाला काय म्हणतं, टीव्हीवर काय लागलेलं असतं... दर मिनिटाला एक स्थानिक आणि एक पॉप कल्चरचा रेफरन्स हवा, असा नियम आहे. माझी तीन महिन्यांची ट्रायल आहे आणि हा तिच्यातला शेवटचा एपिसोड.

पॉप कल्चर सोपं गेलं. स्टुडिओला वाटत होतं, वऱ्हाडात लोक काहीतरी वेगळंच बघत असतील. मी खरं ते लिहून पाठवलं... बाबा दुपारी हिंदीत डब केलेले साउथचे सिनेमे बघतात आणि अकोल्याची शोभामावशी कोरियन सिरियल. तिथल्या सासवा तिला फार पटतात.

स्थानिक भाग होता भुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी आणि बायका घरोघरी जमून भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई खाऊचा डबा पुढे करते, आणि तो हलवून, आवाज ऐकून आत काय आहे ते ओळखायचं.

हे सगळं मी नोटमध्ये लिहिलं होतं. चार पानं. चिवडा कसा वाजतो, लाडू कसा, डबा कानाशी कसा धरायचा... फक्त डबा स्टीलचा असतो, बाहेरून काही दिसत नाही, एवढंच लिहायचं राहिलं. हे कुणाला सांगावं लागेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. चित्रकार केरळचा. त्याने मन लावून काचेचा डबा काढला होता, त्यावर खिडकीतलं ऊनही पाडलं होतं.

शॉट नव्याने काढायचे तर आठवडा लागणार, आणि एपिसोड संध्याकाळी सहाला लॉक होणार होता. गप्प बसले असते तर पुण्यात कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं... पण अकोटपासून परतवाड्यापर्यंत एकेक बाई म्हणाली असती, हिला आपली भुलाबाईसुद्धा माहीत नाही.

शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. चूक खोडायची नाही, तिच्याखाली बरोबर उत्तर लिहून सही करायची, हा त्यांचा नियम. पाटीवरसुद्धा सही करायला लावत. तर मी दिग्दर्शक मॅडमना फोन करून सांगितलं की चूक चित्रकाराची नाही, माझी आहे.

त्या म्हणाल्या, "चित्राला हात लावता येणार नाही. आवाज उद्या भरायचेत, संवाद हवे तर बदल. साडेपाचपर्यंत पाठव."

आता दिसणारा लाडू संवादाने कसा लपवायचा... मी शोभामावशीला व्हिडिओ कॉल लावला. उपाय विचारायला नाही, रडायला. तिने मेथी निवडता निवडता सीन दोनदा पाहिला.

"दिसते त दिसू दे," ती म्हणाली. "आपल्याले तरी कुठं माहीत नोतं राहत?"

मग तिने जे सांगितलं, ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. खाऊ काय आहे हे सगळ्यांना माहीतच असायचं. दुपारपासून गल्लीत बेसन भाजल्याचा वास, शिवाय त्या घरची धाकटी सकाळीच सगळीकडे सांगून आलेली. तरी दहा चुकीची नावं घ्यायची. बायका जितक्या हरतील, तितका घरच्या बाईचा मान... शेवटी तिने ऐटीत झाकण उघडायचं.

मी म्हटलं, "पण मावशी, मी तर लगेच ओळखायचे."

"म्हनून त तुले डबा देनं बंद केलं होतं बायकायनं."

इतकी वर्षं मी समजत होते, मी लहान होते म्हणून डबा माझ्यापर्यंत यायचा नाही.

नंतर दुपारभर आम्ही दोघींनी संवाद लिहिले. एकही चित्र बदललं नाही. सहा बायका समोरच्या लाडवांकडे टक लावून बघतात आणि एक म्हणते करंजी, दुसरी म्हणते शंकरपाळे. तिसरी कुकिंग शोच्या परीक्षकासारखी म्हणते, मला यात चकलीचा प्रवास जाणवतोय.

सीनमध्ये मागे एक चिमुकली नुसतीच उभी होती. मावशीने तिला एकच वाक्य दिलं, "पन मले तं दिसून राहिलं..." आणि बाकी सगळ्या एका सुरात, "नाही दिसत."

साडेपाचला तीन मिनिटं कमी असताना पाठवलं. पुढची दहा मिनिटं मी टेबल पुसलं. आधीच पुसलेलं होतं. मग मॅडमचा फोन आला, मागे स्टुडिओतले लोक हसत होते. त्यांनी विचारलं, हे तुला सुचलं का? मी म्हटलं, नाही, मावशीला. त्या म्हणाल्या, मग तिचंही नाव टाकू... आणि पुढचा एपिसोड सोमवारी सुरू करतोय, नोट मात्र पाच पानांची पाठव.

काल शेजारच्या काकू झाकलेली ताटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ओळख. पुरणपोळीचा वास जिन्यातच आला होता. मी म्हटलं, शिरा... मग थालीपीठ... मग हरले.

ताटली उघडताना काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघायचं माझं आजवर राहूनच गेलं होतं. मावशी, तुझे उपकार.