पुटकुळ्यांचा तपास

लेकीच्या कपाळावर पहिल्या पुटकुळ्या आल्या तेव्हा ती अकरावीत होती, आणि मी लगेच तिच्या मागावर निघाले. ही नक्की बाहेरचं खाते, अशी माझी खात्रीच होती. क्लासहून आली की आधी तिची बोटं हुंगायचे. मिसळीच्या तर्रीचा वास लपतो थोडाच! एकदा दप्तर उलटंपालटं केलं, तर वेफर्सचं रिकामं पाकीट सापडलं. झालं! मी घर डोक्यावर घेतलं.

पाकीट मैत्रिणीचं आहे, म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा, म्हटलं मी. मग तिचा मोबाइल तपासला. कुणावर छाप पाडायला चेहऱ्याला काहीबाही फासत असणार, ही दुसरी शंका. उशीची खोळ बदलते का, आरशासमोर किती वेळ उभी राहते, सगळ्यावर माझा डोळा. आमचे हे अंबडला कंपनीत जातात. ते एकदा वैतागून म्हणाले, "अगं, पोरगी आहे ती, आरोपी नाही." मी त्यांच्याकडेही संशयानेच बघितलं. लाडावून ठेवलीय यांनीच!

पुटकुळ्या काही कमी होईनात. लेकीचं बोलणं मात्र कमी झालं. विचारलं तेवढंच उत्तर. एक दिवस क्लासला जाईना, दार लावून बसली. पोरगी हातची जाते की काय!

कॉलेज रोडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खुर्चीत टेकते न टेकते तोच मी सुरू झाले: मिसळ, वेफर्स, मोबाइल. बाईंनी ऐकून घेतलं. या वयात हार्मोन्समुळे येतात, म्हणाल्या, घराण्यातही असतात. आणि माझ्या गालांवरच्या जुन्या खड्ड्यांकडे त्यांनी जरा बघितलंच. मग लेकीचे केस मागे सारले.

"केसांच्या कडेनेच जास्त आहेत. तेल लावतेस का गं?"

"मी लावते ना," मीच म्हटलं. "रोज संध्याकाळी, चांगलं चोपडून."

"ते आधी बंद करा."

रिक्षात बसल्यावर मी आपले तळवे उलटेपालटे करून बघितले. मेलं, माझेच हात!

"तुला कधी शंका नाही आली?" मी विचारलं.

"आली होती की. नेटवर वाचलं होतं मी, केव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

ती बाहेर बघत राहिली. "तेल लावताना तू ओरडायची नाहीस, आई. तेवढाच वेळ."