उदबत्तीबाई आणि तिसरी बेडरूम

बाईंनी माझ्यासमोर पहिल्यांदा उदबत्ती पेटवली तेव्हा मी पटकन चपला काढल्या आणि हात जोडले. लातुरात बार्शी रोडला एक फ्लॅट विकायचा होता. मी एजंट, आणि त्या बँकेनं घराची किंमत ठरवायला पाठवलेल्या व्हॅल्युअर, सकाळच्या एसटीनं नांदेडहून आलेल्या. आम्हा सगळ्यांना एका खोलीत घेऊन त्यांनी दार लावलं, पर्समधून उदबत्ती काढली आणि पेटवून खोलीच्या मधोमध धरून उभ्या राहिल्या. घरमालकीण धावत जाऊन हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. बाई म्हणाल्या, "ते ठेवा हो आत. मी देव बघून राहिले न्हाई, हवा बघून राहिले." धूर हळूहळू खिडकीकडे सरकला आणि बाहेर गेला. बाईंनी वहीत खूण केली. मी गुपचूप चपला पायात घातल्या.

तेव्हापासून आम्ही सगळे एजंट त्यांना उदबत्तीबाई म्हणायचो. पाठीमागे, अर्थात. समोर म्हणायची कुणाची छाती होती? नगरपालिकेच्या बांधकाम परवानगीच्या टेबलावर इंजिनिअर म्हणून उभी हयात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. नांदेडला धाकट्या भावाच्या कुटुंबात राहायच्या. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये स्टीलचा टेप. त्या टेपाचा खर्रकन आवाज आला की भल्याभल्या बिल्डरांच्या तोंडचं पाणी पळायचं.

"दिगंबर, बेडरूम म्हणजे काय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. मी म्हणायचो, जिथं पलंग मावतो ती. "पलंग तर बसस्टँडवर पण मावतो. मग लिही की जाहिरातीत, सत्तर बेडरूम." मग बोटांवर मोजत सांगायच्या. नियमात तुझा बेडरूम हा शब्द महत्त्वाचा नाही, तिथं राहण्याजोगी खोली म्हणतात. साडेनऊ चौरस मीटर तरी पाहिजे, रुंदी जवळपास आठ फूट, उंची नऊ फूट, आणि बाहेरच्या उघड्या हवेत उघडणारी, फरशीच्या मानानं पुरेशी मोठी खिडकी. "कपाट असो की नसो, रंग गुलाबी असो की निळा, त्याला काही किंमत न्हाई. माणूस झोपल्यावर त्याला श्वास कुठून मिळतो ते बघायचं."

आता आमचं लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. चाकूरहून, मुरुडहून, पार तिकडं नायगावहून आईबाप लेकरांना घेऊन येतात आणि राहायला जागा शोधतात. मागणी एवढी, की लोकांनी जिन्याखाली, पार्किंगमध्ये, गॅलरी बुजवून खोल्या काढल्या. मी एजंट माणूस. जाहिरातीत एक बेडरूम वाढली की फोन दुप्पट येतात, हे मला पक्कं ठाऊक. बाई माझी जाहिरात हातात घेऊन लाल पेनानं काट मारायच्या. माझा असा संताप व्हायचा! भर जिन्यात आमची जुंपायची. मग त्या पायरीवर बसून डबा उघडायच्या. "धपाटं खा आधी. मग भांड. उपाशी माणसाचं भांडण ऐकायला मला वेळ न्हाई." त्यांच्या वहिनीच्या हातची धपाटी आणि घट्ट दही. मी खायचो आणि भांडण विसरून जायचो. खरं सांगतो, आई गेल्यानंतर मला एवढ्या हक्कानं रागावणारं दुसरं कुणी नव्हतं.

असं असून मी त्यांना दगा दिला.

नायगावचे एक सर होते, शाळेत गणित शिकवायचे. मुलगी समृद्धी अकरावीला, तिला डॉक्टर व्हायचं होतं. सर आठवडाभर नायगावलाच राहणार आणि आई-मुलगी लातुरात, असं ठरलं होतं. मी त्यांना औसा रोडचं एक घर दाखवलं. जाहिरात माझीच, तीन बेडरूम. त्यातली तिसरी म्हणजे मूळची डक्ट, हवेसाठी वरून मोकळी सोडलेली जागा. मालकानं वर स्लॅब टाकला, खाली फरशी बसवली, दार लावलं, झाली खोली. बाई आल्या. उदबत्ती पेटवली. धूर वर गेला, भिंतीतल्या काचेच्या पट्ट्यांच्या झडपेपाशी घुटमळला आणि परत खाली आला. ती झडप पलीकडच्या बाथरूमची होती. मालक म्हणाला, "खिडकी हाय की, बाई." बाई म्हणाल्या, "एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडतं त्याला भोक म्हणतात." आणि त्यांनी लिहिलं, बेडरूम दोन, तिसरी जागा झोपण्यास योग्य नाही.

बँकेचं कर्ज मिळेना, व्यवहार अडला. सरांना तीच खोली हवी होती, रस्त्याचा आवाज येत नाही म्हणून, पोरीला अभ्यासाला शांत. मी फाईल उचलली आणि दुसऱ्या फायनान्सवाल्यांकडे नेली. त्यांचा माणूस आला, दारातूनच बघितलं आणि तीन लिहून मोकळा झाला. बाईंना मी कळवलं नाही. सरांनी एकदा विचारलं, "त्या बाई नको म्हणत होत्या ना?" मी म्हणालो, "जुनं माणूस हो, नियमात अडकलेलं." तेवढ्यात सरांच्या मिसेस म्हणाल्या, "पण बाईंनी घराची शांत करून दिली की. खोलीत उदबत्ती फिरवली, हात जोडून मी बघत होते." त्यांना ती पूजा वाटली होती! मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण व्यवहाराला बरं पडत होतं, म्हणून मी नुसता हसलो.

दिवाळीनंतर ते राहायला आले. पौषात थंडी पडली. एका सकाळी साडेसातला बाईंचा फोन आला.

"कुठं हायस?"

"घरी. चहा पिऊन राहिलो."

"कप ठेव खाली. औसा रोडला जा, सरांच्या घरी. पोरीला त्या खोलीतून बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

मी काहीतरी विचारायला गेलो. त्या ओरडल्या. बाईंचा ओरडा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नायगावहून सरांनी त्यांना फोन केला होता. महिनाभर पोरीचं डोकं रोज सकाळी दुखतं, उलटी होते, काल तर बोलताना जीभ जड झाली होती. घराला काही लागलं असेल तर बाई, येऊन परत एकदा उदबत्ती फिरवाल का? बाईंनी एवढंच विचारलं होतं, पाणी कशावर तापवता? सर म्हणाले, गॅसचा गीझर बसवलाय बाथरूममध्ये, महिना झाला. आता आई फोन उचलत नव्हती, आणि पोरगी अभ्यासाला बसली की मोबाईल बंद करून कपाटात ठेवायची.

मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. सिग्नल तोडला, एकाला शिव्या दिल्या, दोघांच्या खाल्ल्या. डोक्यात एकच, ती खोली बेडरूम म्हणून कुणी लिहिली? मी लिहिली. बेल दाबत राहिलो. कितीतरी वेळानं सरांच्या मिसेसनी दार उघडलं. केस ओले, भिंतीला धरून उभ्या. "आंघोळ करून आले तर चक्कर येऊन राहिली हो," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना जिन्यात ढकललंच म्हणा ना, आणि आत पळालो. खोलीची कडी आतून. हाका मारल्या. आवाज नाही. तिसऱ्या लाथेला कडी निघाली. समृद्धी टेबलावर डोकं टेकून बसली होती, पेन हातातच. मला वाटलं, गेली. देवा रे, मला खरंच वाटलं, गेली.

तिला उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणलं. शेजाऱ्यानं कार काढली. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. गीझरचा विषारी वायू बाथरूममधून त्या झडपेवाटे खोलीत उतरत होता, त्याला वास नसतो, असं डॉक्टर म्हणाले. पोरगी दुपारी बोलली. पहिला शब्द आईला, "पेपर हाय ना आज?" त्या माऊलीनं हंबरडा फोडला आणि मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो.

सर नायगावहून आले. माझे दोन्ही हात धरून रडले. "देवासारखे धावलात," म्हणाले. त्यांच्या पाठोपाठ बाई आल्या, बसस्टँडवरून थेट, बुटांना धूळ. पोरीच्या केसांवरून हात फिरवला, मग मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता झोडपणार. त्या हळूच म्हणाल्या, "फाईल दुसरीकडं नेताना तू विचारलं असतंस तर मी परत नको म्हटलं असतं. म्हणूनच तू विचारलं न्हाईस."

"बाई, माझं चुकलं."

"मला सांगू नकोस. सरांना सांग."

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. सरांनी तो स्लॅब फोडून वरची जागा मोकळी केली, गीझर काढला, आणि माझ्याच हातानं नारळ फोडून घेतला. दिवाळीला मला फराळ पाठवू लागले. तो चिवडा मी शेजारच्या पोरांना वाटून टाकायचो. बाईंनी मात्र माझ्या फाईली घेणं बंद केलं. फोन केला तर उचलायच्या, तब्येत विचारायच्या, कामाचं काढलं की ठेवून द्यायच्या. त्या दिवसापासून मी खोली मोजल्याशिवाय जाहिरात लिहीत नाही. दोन असतील तर दोन. बाकीचे एजंट हसतात, हसू देत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. बातमी मला उशिरा कळली. तेराव्यानंतर नांदेडला त्यांच्या घरी भेटायला गेलो. भावानं आत बोलावलं, नाव विचारलं, आणि लगेच बायकोला हाक मारली, "अगं, हेच ते लातूरचे दिगंबर. दार तोडून पोरीला बाहेर काढलं ते." वहिनी पदर सावरत आल्या. "ताई लई वेळा सांगायच्या तुमचं. कुणीबी आलं की सांगायच्या."

समोर चहा आला होता, तो मी तसाच खाली ठेवला. म्हणालो, "दादा, खरं सांगतो. ती खोली बेडरूम म्हणून मीच खपवली होती. बाई नको म्हणत असताना."

भाऊ म्हणाले, "हाव, माहीत हाय आम्हाला. ते बी सांगायची ताई. आधी खोली सांगायची, मग दार. एक सोडून दुसरं कधी सांगितलं न्हाई तिनं."

वहिनी म्हणाल्या, "आम्ही एकदा म्हणालो, मग त्या सरांना का कळवत न्हाई तुम्ही? तर म्हणाल्या, मी न्हाई सांगणार. तो स्वतः जाऊन सांगेल. जरा वेळ लागतो त्याला."

मी बसस्टँडवर आलो तेव्हा लातूरची गाडी फलाटावर लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता, जागा पण होती. मी ती सोडली आणि नायगावच्या गाडीत जाऊन बसलो.